प्रश्नाचे वजन कोण ठरवते?

(कामरेज येथे दक्षिण गुजरातमधील मराठी शिक्षक आणि विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



साहित्याच्या प्राध्यापिकेने परीक्षेच्या गणितावर बोलावे, हे तुमच्यापैकी काहींना विचित्र वाटेल. पूर्वी मलाही वाटले असते. वर्षानुवर्षे मी प्रश्नपत्रिका काढत आले. सोपे, मध्यम, कठीण असे तीन रकाने, त्यांत ठरावीक प्रमाणात प्रश्न, आणि शेवटी बंद लखोटा. कोणता प्रश्न सोपा आणि कोणता कठीण हे आपल्याला कळते, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती ज्या प्रश्नाने आली, त्याच्यापासूनच सुरुवात करते.

सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या पाचवीच्या मुलांसाठी आम्ही काही शिक्षक आकलनाचे छोटे प्रश्न तयार करत होतो. एका उताऱ्यात वाक्य होते : आजीने हंडा खाली ठेवला आणि ती ओट्यावर बसली. प्रश्न होता, हंड्याबद्दल काय सांगितले आहे? पर्याय चार : हंडा जमिनीवर ठेवला, हंडा रिकामा होता, हंडा फुटला, हंडा हरवला. आम्ही सर्वांनी एकमताने तो प्रश्न 'सोपा' या रकान्यात टाकला. उत्तर उताऱ्यातच दिसते आहे, त्यात कठीण ते काय?

मुलांनी सोडवलेले कागद पाहिले तेव्हा चित्र उलटे होते. एरवी सगळे बरोबर लिहिणारी, वर्गातली चुणचुणीत मुले 'हंडा रिकामा होता' यावर खूण करून बसली होती. आणि त्याच वर्षी नंदुरबारकडून आलेली, वाचताना अक्षराला बोट लावणारी दोन मुले बरोबर होती. कारण तुमच्या लक्षात आलेच असेल. गुजरातीत आणि हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे. सुरतेत जन्मलेल्या मुलाच्या कानावर दिवसभर तोच अर्थ पडतो. जितके ते मूल बाहेरच्या जगात तरबेज, तितका हा प्रश्न त्याला जड. आम्ही प्रश्नाचे वजन ठरवले होते ते आमच्या टेबलावर बसून. ते खरे ठरले मुलांच्या बाकावर, आणि तेही कोणत्या मुलांच्या बाकावर यावर अवलंबून.

आजचे माझे म्हणणे एवढेच आहे. प्रश्नाची काठिण्यपातळी प्रश्न काढणाऱ्याच्या मनात नसते. प्रश्न आणि मूल यांची गाठ पडते तिथे ती असते. म्हणून ती मुलांकडूनच मोजून घ्यावी लागते, आणि ज्यांच्यासाठी चाचणी आहे त्याच मुलांकडून. या मोजणीला मी मापांकन म्हणते. ते कमी मुलांत, कमी वेळात आणि तरीही नेमके कसे करावे याचे एक शास्त्र आहे. आपल्यासारख्या विखुरलेल्या भाषक समाजाला त्याची गरज मोठ्या शहरांपेक्षा जास्त आहे.

मूल पाहून प्रश्न बदलणारी चाचणी ही संगणकाची देणगी आहे असा समज आहे. तो खरा नाही. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली आणि १९०८ साली तिच्यातले प्रश्न वयाच्या पायऱ्यांवर लावले. परीक्षक मुलाच्या वयाच्या आसपास सुरुवात करी, मूल अडले तर खाली उतरे, जमले तर वर चढे. सगळे प्रश्न सगळ्यांना विचारायचे नाहीत, हे तत्त्व तिथेच आले. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. मुंबई-कर्नाटक आवृत्ती म्हणून ती ओळखली गेली आणि बिने-कामत चाचणी या नावाने भारतात पुढे अनेक दशके वापरात राहिली. साहित्याच्या अभ्यासकाला यात महत्त्वाचे वाटते ते हे की परक्या भाषेतली चाचणी घेऊन नुसते भाषांतर करून भागत नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या पायरीवर बसतो, हे इथल्या मुलांवर पुन्हा तपासावे लागते. फ्रेंच मुलाला सातव्या वर्षी जमणारी गोष्ट मराठी मुलाला सहाव्या किंवा आठव्या वर्षी जमू शकते. पायरी पुस्तक ठरवत नाही, मुले ठरवतात.

दुसरे उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी हातात धरलेले आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे 'असर' सर्वेक्षण. त्यातला वाचनाचा कागद आठवा. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून होते. मुलाने तो नीट वाचला तर गोष्ट पुढे करायची, अडखळले तर शब्दांकडे यायचे, पाचांपैकी चार शब्द आले नाहीत तर अक्षरांकडे. दाराच्या उंबऱ्यावर बसून, काही मिनिटांत, एका कागदावर मूल कुठे उभे आहे ते कळते. संगणक नाही, वीज नाही, पण चाचणी जुळवून घेणारी आहे. तिचे यश ज्यावर उभे आहे ती गोष्ट मात्र कागदावर दिसत नाही. मराठीतला परिच्छेद खरोखर परिच्छेदाच्याच पातळीचा असला पाहिजे. एखादा जोडशब्द जास्त पडला तर पायरी उंच होते, आणि हजारो मुले आहेत त्यापेक्षा एक पायरी खाली दिसतात.

संगणक याच पायऱ्या बारीक करतो. चार पायऱ्यांऐवजी तीनशे प्रश्नांची प्रश्नपेढी असते आणि प्रत्येक प्रश्नाचे वजन आधी मोजून ठेवलेले असते. मुलाने एक उत्तर दिले की संगणक त्याच्या क्षमतेचा अंदाज सुधारतो आणि त्या अंदाजाच्या जवळचा पुढचा प्रश्न काढतो. सगळ्यांना एकच साठ प्रश्न देण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या जोगे वीस-पंचवीस दिले तरी तेवढीच अचूकता साधते. हुशार मूल सोप्या प्रश्नांनी कंटाळत नाही आणि मागे पडलेले मूल कठीण प्रश्नांनी खचत नाही. पण हे सारे एका अटीवर. प्रश्नांची वजने खरी असली पाहिजेत. मापेच खोटी असतील तर तराजू कितीही चकचकीत असला तरी काय उपयोग?

मग हे वजन मोजायचे कसे? यातला मूळ विचार डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग रॅश यांचा. त्यांचे पुस्तक १९६० साली कोपनहेगनहून निघाले. आपल्याला जवळचे वाटावे असे हे की या विचाराची एक वाट वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या चाचण्यांतून निघाली. मूल मोठ्याने वाचताना किती चुका करते, त्यातल्या किती मुलाच्या आणि किती उताऱ्याच्या, हे वेगळे कसे करायचे, असा त्यांच्यापुढचा पेच होता. त्यांनी मुलाची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य एकाच पट्टीवर मांडले. दोन्ही आकडे सारखे असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. मूल प्रश्नापेक्षा एक एकक वर असेल तर ती शक्यता ७३ टक्के, दोन एकके वर असेल तर ८८ टक्के. खाली असेल तर तितक्याच मापाने कमी. सूत्र एवढेच आहे, बाकी त्याचा विस्तार.

यातून एक गोष्ट निघते. तिच्यावर कार्यक्षम मापांकनाची सगळी इमारत उभी आहे. वराछाच्या हिरेबाजारात काट्यावर वजन करताना पाहिले असेल. दोन्ही पारडी जवळजवळ समतोल असतात तेव्हाच काटा काही सांगतो. एक पारडे धाडकन खाली गेले तर इतकेच कळते की हे जड आहे. किती जड, ते कळत नाही. प्रश्नाचेही तसेच. जो प्रश्न वर्गातल्या सगळ्यांना येतो किंवा कोणालाच येत नाही, त्याबद्दल ती उत्तरे फारसे काही शिकवत नाहीत. बरोबर येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असलेल्या मुलांची उत्तरे सर्वांत जास्त माहिती देतात.

हे आकड्यांत पाहू. एका उत्तरातून मिळणारी माहिती म्हणजे बरोबर येण्याची शक्यता गुणिले चुकण्याची शक्यता. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे ०.२५. नव्वद टक्के मुलांना येणाऱ्या प्रश्नात हीच संख्या ०.९ गुणिले ०.१, म्हणजे ०.०९. अर्थ असा की योग्य पातळीच्या १०० मुलांवर प्रश्नाचे वजन जितक्या अचूकतेने कळते, तितक्याच अचूकतेसाठी त्याच्यापेक्षा बऱ्याच पुढच्या मुलांवर तो टाकला तर २७८ मुले लागतात. आणि ९८ टक्के मुलांना येईल अशा ठिकाणी तो टाकला तर जवळजवळ १,२७६. मोठ्या राज्याच्या परीक्षा मंडळाला बाराशे मुले म्हणजे काही नाही. आपल्याला ती आयुष्यभराची आहेत. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांत चालतात. यातल्या प्रत्येक लहान माध्यमाला हा प्रश्न पडणार आहे. मुले थोडी, प्रश्न थोडे, वेळ थोडा. म्हणून उधळपट्टी परवडत नाही.

इथे कोणीतरी विचारील, आणि विचारायलाच हवे, की बाई, प्रश्नाचे वजन माहीत नाही म्हणून तर मोजायचे आहे. मग तो कोणत्या मुलांना द्यायचा हे आधी कसे कळणार? पेच खरा आहे. त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळते. पहिला टप्पा शिक्षकांचा अंदाज. इथे गणित आपल्या बाजूने बोलते. नेम एका एककाने चुकला, म्हणजे निम्म्याऐवजी ७३ टक्के मुलांना प्रश्न आला, तर माहितीतला साधारण पाचवा हिस्सा वाया जातो. एवढेच. दोन एककांनी चुकला तर निम्म्याहून जास्त जाते. म्हणजे अनुभवी शिक्षकाचा ढोबळ अंदाज हा टाकाऊ नाही, तो कामाचा आहे. मात्र तो शेवटचा शब्द नाही. त्या अंदाजावर प्रश्न थोड्या मुलांना द्यायचा, उत्तरे पाहून वजन सुधारायचे, आणि सुधारलेल्या वजनाच्या जवळची मुले पुढच्या खेपेला निवडायची. दोन-तीन खेपांत नेम बसतो. पुरेशी अचूकता आली की त्या प्रश्नाची तपासणी थांबवून दुसरा घ्यायचा. सगळ्या प्रश्नांवर सारखीच मुले खर्च करणे हा न्याय वाटतो, पण तो अपव्यय आहे.

मोठ्या चाचण्यांत हे काम चालू परीक्षेतच उरकले जाते. अमेरिकेत परिचारिकांना परवान्यासाठी जी संगणकीय परीक्षा द्यावी लागते, ती १९९४ पासून उमेदवार पाहून प्रश्न बदलते. आज तिच्यात किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात. त्यांतले १५ प्रश्न गुणांसाठी धरले जात नाहीत. ते नवे प्रश्न असतात, त्यांचे वजन करून घ्यायचे असते. कोणते पंधरा, हे उमेदवाराला सांगत नाहीत, कारण सांगितले तर कोणी मनापासून सोडवणार नाही. पण असे प्रश्न आहेत आणि ते धरले जाणार नाहीत, हे मात्र उघडपणे जाहीर केलेले असते. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. मुलांना आपण वजनकाटा म्हणून वापरतो आहोत तर निदान ते त्यांच्यापासून लपवू नये, आणि न तोललेल्या प्रश्नाचा गुण त्यांच्या पदरात किंवा खात्यात टाकू नये.

आणखी दोन धोके थोडक्यात. पहिला असा की काही प्रश्न नुसते जड-हलके नसतात, ते धारदार किंवा बोथटही असतात. येणारे आणि न येणारे मूल यांना काही प्रश्न नेमके वेगळे करतात, काही करत नाहीत. ही धार मोजायची असेल तर निम्म्यावरची मुले पुरत नाहीत. ज्यांना तो येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे अशी आणि सुमारे ८२ टक्के आहे अशी, दोन्ही बाजूंची मुले लागतात. आणि अंदाजाने खूण करून किती जण बरोबर येतात हे पाहायचे तर अगदी कच्ची मुलेही लागतात. त्यांच्यासमोर न येणारा प्रश्न ठेवण्याची किंमत त्या मुलाने मोजलेली असते, हे विसरू नये. दुसरा धोका असा की थोड्या मुलांवर मोजलेल्या प्रश्नांत काही निव्वळ योगायोगाने फार धारदार दिसतात. संगणकाला धारदार प्रश्न आवडतात, म्हणून तो नेमके तेच पुन्हा पुन्हा उचलतो. योगायोगाची चूक मग प्रत्येक मुलाच्या निकालात शिरते. उपाय साधा आहे. नव्या प्रश्नावर लगेच भिस्त ठेवायची नाही, आणि वजने ठरावीक काळाने पुन्हा तपासायची.

आता आपल्या घरात येऊ. एका भाषेत मोजलेले वजन दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे चालते का? २०१८ सालच्या 'नीट' परीक्षेत तमिळ भाषांतरातल्या ४९ प्रश्नांत चुका असल्याची तक्रार झाली. मद्रास उच्च न्यायालयाने प्रत्येकी ४ प्रमाणे १९६ वाढीव गुण देण्याचा निकाल दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायाची बाजू न्यायालये पाहतील. आपल्यापुरता धडा असा की भाषांतरित प्रश्न हा नवा प्रश्न असतो, त्याचे वजन नव्याने करावे लागते. तीच 'नीट' आज मराठीतही होते, गुजरातीतही. 'जेईई मेन'ही २०२१ पासून मराठीत देता येते. एकच प्रश्न तेरा भाषांत छापला की तो तेरा वजनांचा होऊ शकतो.

आणि मराठीत मोजलेले वजन सगळ्या मराठीत चालते का? पुण्यातल्या मुलांवर तोललेला प्रश्न लिंबायत, उधना, पांडेसऱ्याच्या मुलाला तेवढाच जड असेल का? 'खाली'ने आम्हाला दाखवले की नाही. अशी आणखी उदाहरणे तुम्हीही देऊ शकाल. 'भाजी' म्हटले की गुजराती कानाला पालेभाजी आठवते. 'नवरा' हा शब्द गुजरातीत 'नवरो' झाला की त्याचा अर्थ रिकामटेकडा, मोकळा. गोष्टीतला नवरा शेतावर गेला हे वाचून हसणारे मूल चुकत नसते, ते दोन भाषांत एकदम जगत असते. गुजरातीत 'काले' म्हणजे कालही आणि उद्याही, मागे 'गई' की 'आवती' यावरून ठरते. म्हणून घटनांचा क्रम लावण्याचा प्रश्न आपल्या मुलाला वेगळ्याच जागी अडवतो. आणि घरी अहिराणी बोलणारे मूल, ज्याच्यासाठी सगळे म्हणजे 'बठ्ठा', आहे म्हणजे 'शे', मुलगा म्हणजे 'आंडोर', ते प्रमाण मराठीच्या प्रश्नाला एक पायरी दुरून सामोरे जाते. पण तेच मूल 'वावर' या शब्दाला अडत नाही, जिथे शहरी मूल थांबते. प्रश्नागणिक पारडे फिरते.

म्हणून मला वाटते, आपल्या प्रश्नपेढीला सीमा ओलांडावी लागेल. सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर हे स्थानक आहे. त्याच्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. फलाटाच्या लांबीला त्याने फरक पडत नाही, दोन्हीकडे मोजपट्टी एकच. प्रश्नांनाही अशी एक पट्टी करता येते. वीस-पंचवीस प्रश्न असे निवडायचे की जे धुळे, नंदुरबार आणि सुरत तिन्हीकडच्या मुलांना सारख्याच मापाने जड किंवा हलके जातात. हे आपले दुवा-प्रश्न. प्रत्येक ठिकाणच्या चाचणीत त्यांतले काही ठेवायचे आणि त्यांच्याशेजारी नवे प्रश्न बसवायचे. दुवा-प्रश्नांवरून मुलांची पातळी कळते, आणि त्या पातळीवरून नव्या प्रश्नांचे वजन. एका शाळेत मुले तीसच असली तरी दहा शाळांच्या नोंदी एकाच पट्टीवर येतात. लहान समाजाने मोठे काम करायचे ते असेच, वर्गणी काढून.

यात भाषेच्या शिक्षकाचे काम काय? संख्याशास्त्रज्ञ सांगेल की अमुक प्रश्न दोन गटांत वेगळा वागतो, अमुक प्रश्न हुशार मुलेच चुकतात. का, ते तो सांगू शकणार नाही. 'खाली' या शब्दात काय दडले आहे हे त्याच्या तक्त्यात दिसत नाही, ते तुम्हाला ऐकू येते. म्हणून तो तक्ता तुमच्या टेबलावर यायला हवा, आणि तुम्हाला तो वाचता यायला हवा.

इथे साहित्याची शिक्षिका म्हणून एक इशाराही देते. जो प्रश्न चांगली मुले चुकतात तो प्रश्नपेढीतून काढून टाकावा, असा मापनाचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण माझ्या वर्गात कवितेवर विचारलेल्या एका प्रश्नाला सर्वांत जाणत्या मुलीने 'चूक' पर्याय निवडला होता. मी कारण विचारले तेव्हा तिने जे सांगितले ते माझ्या उत्तरापेक्षा चांगले होते. असा प्रश्न चाचणीत नको, कारण तिथे तिचे कारण कोणी ऐकणार नाही. तो वर्गात हवा. धोका हा की जे मोजता येते तेच शिकवायचे अशी सवय लागते आणि कविता हळूहळू पेढीच्या बाहेर राहते, मग अभ्यासक्रमाच्याही. चाचणीने वर्गाचा वेळ वाचवावा तो या मुलीशी बोलण्यासाठी. तो वेळ पुन्हा चाचणीनेच खाल्ला, तर ही सगळी कार्यक्षमता कोणासाठी?

कामरेज आणि बारडोलीच्या या उसाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर खानदेशातून आणि डांगातून तोडीसाठी कुटुंबे येतात. त्यांच्याबरोबर मुले येतात. गावच्या शाळेचे अर्धे वर्ष मागे राहिलेले असते आणि पुढचे अर्धे पडावावर जाते. असे एक मूल तुमच्या समोर येते तेव्हा तुमच्याकडे त्याच्यासाठी किती वेळ असतो? कधी एक तास, कधी तोही नाही. त्या तासात त्याला साठ प्रश्न विचारता येत नाहीत. दहा विचारता येतात. ते दहा प्रश्न असे हवेत की प्रत्येकाचे वजन आपल्याला ठाऊक आहे, आणि ते वजन त्याच्यासारख्या मुलांवर करून घेतलेले आहे. नाहीतर आपण त्याला इयत्तेच्या दोन पायऱ्या खाली बसवू आणि समजू की मोजून बसवले. चुकीच्या अंदाजाला निदान कोणी आव्हान देतो. चुकीच्या आकड्याला कोणी देत नाही.

म्हणून माझी सूचना लहान आहे. संगणक येईल तेव्हा येईल. आजपासून प्रत्येकाने एक वही ठेवावी. प्रश्न, तारीख, इयत्ता, किती मुलांना दिला, किती जणांना आला, चुकणाऱ्यांनी कोणता पर्याय घेतला, आणि त्या मुलांच्या घरी कोणती बोली आहे. एवढे सात रकाने. प्रश्न देण्याआधी आपला अंदाजही पेन्सिलीने लिहावा आणि नंतर तो खोडू नये. वर्षभराने अशा वह्या एकत्र आल्या तर मापांकनाचा पहिला टप्पा पार पडलेला असेल. दुवा-प्रश्न त्यांतूनच निघतील. आणि आपले अंदाज किती आणि कुठे चुकतात, हेही आपल्याला आपल्याच अक्षरात वाचायला मिळेल.

त्या हंड्याच्या प्रश्नाचे आम्ही काय केले, ते सांगून थांबते. चाचणीतल्या वाक्यात आम्ही 'खाली'च्या जागी 'जमिनीवर' लिहिले, बरोबर उत्तराचे शब्द बदलले आणि तो प्रश्न पुन्हा मुलांना दिला. मग तो खरोखरच सोपा निघाला. मूळचा 'खाली' आम्ही फेकला नाही. तो वर्गात आणला. एका मुलाला रिकामा डबा दिला आणि सांगितले, हा खाली डबा खाली ठेव. सगळा वर्ग हसला. एक शब्द दोन भाषांत दोन वाटांनी जातो हे त्या मुलांना व्याख्येशिवाय कळले. पुढच्या आठवड्यात त्यांतल्याच काहींनी अशा आणखी शब्दांची यादी करून आणली. त्या यादीला आम्ही गुण दिले नाहीत.